साहेबाचं तोंड आणि आमचे साडभाऊ

इंग्लंडातल्या एका विनोदी नटाची अख्खी कारकीर्द नागपूरच्या इतवारीत गादीवर बसून सांभाळणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा साडभाऊ आहे. त्या नटाला याची कल्पना नाही. बिचाऱ्याचा समज असा असणार की आपण लंडनमध्ये राहतो, तिथले दिग्दर्शक आपल्याला कामं देतात, तिथले लोक आपल्याला पाहून हसतात आणि आपलं बरं चाललं आहे. प्रत्यक्षात त्याने कोणती भूमिका घ्यायला नको होती, कोणत्या जाहिरातीने त्याची अब्रू गेली, मिशी कधी काढायला हवी होती आणि कोणत्या मुलाखतीत तो गरजेपेक्षा जास्त बोलला, हे सगळे निकाल इतवारीतल्या भांड्यांच्या एका दुकानात, डब्यांच्या आणि पातेल्यांच्या चळतींमध्ये बसून वर्षानुवर्षं दिले गेले आहेत. नटाचं नाव मी इथे लिहीत नाही. साडभाऊंची तशी ताकीद आहे. नाव ऐकलं की लोक आधीच हसायला लागतात आणि पुढचं ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात, दुकानात आणि ओघाने आमच्याही घरात त्याला फक्त 'साहेब' म्हणतात.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्नाच्या आंदणाची भांडी घ्यायला त्यांच्याकडे आजूबाजूच्या गावांहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. घराघरात केबल आली त्या दिवसांत अशाच एका कुटुंबातली नवरी मुलगी गंज, म्हणजे उभं पातेलं, पाहता पाहता साडभाऊंकडे पाहून फिसकन हसली. मग तिची आई हसली, मावशी हसली, आणि शेवटी सोयरीक जमवणारे गंभीर गृहस्थही तोंडाला रुमाल लावून दुकानाबाहेर गेले. साडभाऊंनी शर्टाची बटणं चाचपली, आतल्या खोलीत जाऊन आरशात पाहून आले, काही सापडेना. उलगडा केला तो समोरच्या दुकानातल्या गोविंदभाऊंनी. गोविंदभाऊंचं सुतळी, दोर आणि ताडपत्रीचं दुकान बरोबर समोर, मध्ये हातगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली. ते आपल्या गादीवरूनच म्हणाले, "अबे, तुझा भाऊ विलायतेत आहे. रोज संध्याकाळी टीव्हीवर येते. सारी गल्ली पाहून राहिली, तुलेच कोणी सांगितलं नाही."

त्या संध्याकाळी साडभाऊ दुकान लवकर बंद करून टीव्हीसमोर बसले आणि त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं. तीच खाली ओघळलेली हनुवटी, तेच कढईच्या कानांसारखे दोन कान, आणि मधोमध वर चढलेल्या त्याच भुवया, ज्यांच्यामुळे कुणीतरी आत्ताच पायावर पाय दिल्यासारखा भाव कायमचा चेहऱ्यावर बसलेला. दुसरा कोणी असता तर चिडला असता, किंवा नकला करून गणपतीच्या मांडवात नाव कमावून बसला असता. साडभाऊंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी त्या माणसाची जबाबदारी घेतली. दूर गावी नोकरीला गेलेल्या धाकट्या भावावर थोरला भाऊ लक्ष ठेवतो, तसं त्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. नक्कल करून दाखवा म्हणून लोक मागे लागत. आमच्या कॉलनीच्या स्नेहसंमेलनाचं बोलावणं घेऊन मी स्वतः गेलो होतो. त्यांनी शांतपणे मला चहा पाजला आणि म्हणाले, "हे पाहा, वयानं मी मोठा आहे. तोंड माझ्याकडे आधी आलं. आता नक्कल कोण कोणाची करून राहिलं, ते तुम्हीच सांगा."

साहेबाचं काम पाहायची त्यांची एक पद्धत आहे, आणि त्यांच्या घरी पाहुणा म्हणून गेलेल्याला ती पाळावीच लागते. हसायचं नाही. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, पोथी ऐकायला बसल्यासारखं बसायचं. साहेब जिन्यावरून गडगडत खाली येतो, त्याच्या डोक्यावर केक पडतो, कुत्रा त्याच्या पॅन्टचा पाय ओढून नेतो, आणि आपण ओठ दाबून बसलेलो. साडभाऊ मात्र मान डोलावत म्हणतात, "मेहनत पाहा. पडताना टोपी नाही सुटली हातची." त्यांचं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं आहे, त्यामुळे संवादांचा अर्थ ते स्वतः लावतात आणि आपल्यालाही सांगतात. साहेबाच्या पहिल्या मालिकेत तो लंडनमधला शिंपी होता. मोठमोठ्या सरदारांचे कोट शिवायचा आणि प्रत्येक वेळी माप चुकवायचा. साडभाऊंच्या मते ती गोष्ट शिंप्याची नव्हतीच. साहेबाच्या घरी लग्नाची बहीण आहे, तिच्यासाठी स्थळ शोधताना त्याचं कामात लक्ष लागत नाही, अशी ती गोष्ट होती. मी एकदा धीर करून सांगितलं, की भाऊ, ती बाई त्याची घरमालकीण आहे आणि ती भाडं मागते आहे. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "घरमालकिणीच्या डोळ्यात असं पाणी येते का कधी? तुम्ही नुसते शब्द ऐकून राहिले, बाप्पा. तोंड पाहत जा."

त्यांच्या घरातला काळही साहेबावरून मोजला जातो. साहेबाने मिशी ठेवली त्या साली त्यांच्या मुलीची दहावी झाली. साहेब विमानाचा पायलट झाला तेव्हा दुकानात फरशी बसली. साहेबाला राजवाड्यातल्या आचाऱ्याचं काम मिळालं त्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाई गेल्या, आणि त्या दिवसांत सांत्वनाला आलेल्यांना साडभाऊ अत्यंत खऱ्या दुःखाने सांगत, "आईचं जाणं अन् साहेबाचं आचारी होणं, एकाच महिन्यात दोन्ही." आचाऱ्याची भूमिका त्यांना पसंत नव्हती. तो माणूस झारा चुकीचा धरत होता, आणि भांड्याच्या धंद्यातल्या घराला ते शोभत नाही असं त्यांना वाटे. साहेबाचे पूर्वज भांड्यांचे व्यापारी असले पाहिजेत हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. पुरावा विचारला तर म्हणत, "किटली उचलताना पाहा. आधी बूड पाहते, मंग उचलते. शिकवून येत नाही हे."

पण खरा जीव होता तो साहेबाच्या नावलौकिकावर. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी साहेबाचं वेडंवाकडं तोंड टाकलं, की खाली साडभाऊंचा संदेश येणार: कृपया वडीलधाऱ्या कलावंताचा मान राखावा. एकदा साहेबाने कवळी चिकटवायच्या मलमाची जाहिरात केली. सफरचंद चावताना कवळी सफरचंदातच राहते, अशी काहीतरी ती जाहिरात होती. साडभाऊंनी ती पाहिली आणि जेवण सोडलं. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाईंनी, वैतागून विचारलं, "अहो, त्यानं दात विकले तर तुम्ही काहून उपाशी राहून राहिले?" त्यावर त्यांनी पहिला घास घेतला आणि स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "लग्नाची पोरगी असन घरी. नाहीतर तो असं करणारा माणूस नाही."

साहेबाने उतारवयात गंभीर भूमिका करायचं ठरवलं, तेव्हा साडभाऊंना जो आनंद झाला तो त्यांच्या स्वतःच्या साठीशांतीलाही झाला नव्हता. साहेब न्यायाधीश झाला होता. नागपुरात तो सिनेमा जेमतेम काही दिवस लागला, आणि ते मला सोबत घेऊन गेले. शेवटी साहेब काळा झगा घालून एका तरुणाला फाशीची शिक्षा सुनावतो. फार चांगलं काम केलं होतं त्याने. पण त्याची हनुवटी थरथरली, भुवया वर चढल्या, आणि पुढच्या रांगेतून हसू फुटलं ते मागपर्यंत पसरत आलं. साडभाऊ उभे राहिले. "अरे, फाशी देऊन राहिला तो माणूस," ते म्हणाले, "अन् तुम्ही हसून राहिले?" सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पडद्यावरचा उजेड साडभाऊंच्या तोंडावर पडलेला होता. त्यानंतर त्या थिएटरात जो हशा झाला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. परतताना ते स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "हसवणाऱ्याले एकच गोष्ट भेटत नाही गा. त्याले कोणी रडू देत नाही."

हे ते साहेबाबद्दल बोलत नव्हते, हे मला माहीत होतं. आमच्याकडे नागपुरात रीत आहे. चितेला अग्नी दिला की घाटावरच्या शेडमध्ये लोक जमतात, कुणीतरी पुढे होऊन सूत्रं हातात घेतो आणि शोकसभा होते. जवळची माणसं, धंद्यातली माणसं, गल्लीतली माणसं एकेक करून दोन शब्द बोलतात. आपल्या माणसाबद्दल घाटावर आपण बोललो नाही तर काहीतरी राहून गेलं असं इथे वाटतं. साडभाऊ एकदाच बोलायला उभे राहिले होते, माझ्या बायकोच्या मामांच्या वेळी. मामांवर त्यांचा फार जीव. ते पुढे आले, "मामा गेले," एवढं म्हणाले, आणि त्यांचा चेहरा दुःखाने भरून आला. अडचण अशी, की हा चेहरा एरवी जेवढा गमतीचा, त्याच्या दुप्पट तो दुःखात गमतीचा होतो. आधी कुणीतरी खोकल्याचं नाटक केलं. मग खुद्द मामांचे धाकटे भाऊ पंचा तोंडात कोंबून शेडच्या खांबामागे गेले. साडभाऊंनी बोलणं तिथेच सोडलं आणि मागे जाऊन उभे राहिले. तेव्हापासून कोणत्याही घाटावर कुणी ना कुणी प्रेमाने त्यांचा दंड धरतं आणि म्हणतं, भाऊ, तुम्ही जरा पाण्याच्या बाटल्यांकडे पाहा. ते पाहतात. इतक्या मयतींत त्यांनी इतकं पाणी वाटलं आहे, पण डोळे पुसायला त्यांना एकदाही जागा मिळाली नाही. मलाही तेव्हा त्याचं हसूच यायचं. वाईट वाटायला लागलं ते पुढे.

न्यायाधीशाचा सिनेमा पडल्यावर साहेबाने बरीच वर्षं काही केलं नाही, आणि मग एक सिनेमा आला. त्यात तो युद्धात भाजलेला म्हातारा शिपाई आहे. पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत सगळं तोंड पट्ट्यांनी गुंडाळलेलं, उघडे फक्त डोळे. खाटेवर पडून तो आपल्या मेलेल्या मित्राबद्दल बोलतो, बस. तिकडच्या पेपरांनी डोक्यावर घेतला. हा नट एवढा मोठा आहे हे आम्हाला कळलंच नव्हतं, असं त्यांनी लिहिलं. साडभाऊंच्या मुलीने तो सिनेमा घरच्या टीव्हीवर लावून दिला, आणि तो संपल्यावर साडभाऊंनी संत्र्याची बर्फी मागवून सगळ्या गल्लीत वाटली. गोविंदभाऊंनी बर्फी खाता खाता विचारलं, "कायची हे? नातू झाला का?" साडभाऊ म्हणाले, "तोंड झाकलं अन् माणूस ऐकू आला." गोविंदभाऊ म्हणाले, "तुह्यं नको झाकू बाप्पा. मले दिवसभर समोर काय पाहावं लागन मंग." आणि दुसरा तुकडा उचलून आपल्या गादीवर जाऊन बसले.

त्यानंतरच्या मे महिन्यात गोविंदभाऊ गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी घाटावर ऊन असं होतं की शेडच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. मे महिन्यात नागपूरचा माणूस घराबाहेर पडतो तो डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळून, वर गॉगल लावून, त्यामुळे अर्धीअधिक गर्दी बिनतोंडाचीच होती. गल्लीतले चारजण बोलून झाले. मग मागून एक माणूस पुढे आला. पांढरा दुपट्टा, काळा गॉगल, टोपी. त्याने ते काही काढलं नाही. तो बोलायला लागला, आणि मी त्याला ओळखलं, कारण दुपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कढईचे कान उठून दिसत होते.

"गोविंदभाऊनं तोंडानं कधी भाव कमी नाही केला," तो माणूस म्हणाला. "कोणी कितीही घासाघीस करो. पण दोर मोजताना हात सैल सोडे. वीतभर जास्त जाये गिऱ्हाईकाकडे. गिऱ्हाईकाले कळत नव्हतं, अन् त्यानं सांगितलंही नाही. मी पाहत होतो. त्याले माहीत होतं का मी पाहून राहिलो, म्हणून तो माझ्याकडे पाहून डोळा मारे. आता गल्लीत चांगलं काम कोणी लपून केलं, तर पाहाले मी आहे. पण डोळा माराले कोणी नाही." आणखीही बोलले.  हमाल रडत होते, शेठलोक रडत होते. खालच्या, भरीव, जरा कापऱ्या आवाजात साडभाऊ बोलत होते आणि कुणीही त्यांना ओळखत नव्हतं. याचं नवल वाटायला नको. त्यांचा आवाज तोवर कुणी ऐकलाच नव्हता, सगळे कायम त्यांचं तोंड पाहण्यात गुंतलेले. बोलणं संपवून त्यांनी हात जोडले, गर्दीतून वाट काढली आणि स्कूटर सुरू करून निघून गेले. सूत्रसंचालकाने रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाला, "कळमन्याहून आलेले भाऊ बोलले. त्यांचे आभार." गोविंदभाऊंची सुतळी कळमन्याच्या मार्केट यार्डात जायची, तेव्हा असं बोलणारा व्यापारी तिकडचाच असणार असं त्याने धरलं. दुसऱ्या दिवशी पेपरातही तसंच आलं.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तर स्वारी खुर्चीत ताठ बसलेली. दुपट्टा धुऊन वाळत घातलेला. "कोणी हसलं नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "शेवटपर्यंत कोणी हसलं नाही." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पट्ट्यांतल्या शिपायासाठी साहेबाला पुरस्कार मिळाला तेव्हा साहेब असाच बसला असेल.

घोळ सुरू झाला तो पुढे. साऱ्या इतवारीने घाटावर साडभाऊंना शोधलं होतं आणि ते कुणालाच दिसले नव्हते. इतकी वर्षं समोरासमोर बसलेला माणूस मित्राच्या मयतीला आला नाही, आणि कळमन्याचा कोण कुठला परका येऊन रडवून गेला. गल्लीत याशिवाय दुसरा विषय नव्हता. चहावाला त्यांच्याकडे न थांबता पुढे जाऊ लागला. शेजारचे दुकानदार रामराम घेईनासे झाले. आणि मग गोविंदभाऊंच्या बायकोचा, शकुंतलावहिनींचा निरोप आला, तोही मेहुणीबाईंकडे: त्याईले म्हणा, तेरवीले नाही आले तरी चालते, घाटावर नाही आले तसंच.

"सांगून टाका," मी म्हणालो. "पाच मिनिटांत मिटेल."

साडभाऊंनी मान हलवली. "तुम्ही समजून नाही राहिले. सांगितलं का ते भाषण गेलं. लोक ते बोलणं आठवतीन अन् त्याच्यावर माझं तोंड बसवतीन. मंग हसतीन. गोविंदभाऊले मी आयुष्यात एक गोष्ट धड दिली, ते बी जाईन."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी त्याच्या मयतीले गेलो नाही," ते म्हणाले.  एकीकडे त्यांचं रडणं होतं आणि दुसरीकडे त्यांची मैत्री, आणि दोन्ही एका वेळी ठेवायची सोय नव्हती. तेरवीपर्यंत ते दुकानात बसून समोरच्या बंद शटरकडे पाहत राहिले.

तेरवीच्या दिवशी मेहुणीबाईंनी न विचारता त्यांचा धुतलेला सदरा काढून ठेवला. आम्ही चौघं गेलो. ऊन तसंच होतं, पण साडभाऊंनी दुपट्टा घेतला नाही. मांडवात पंगत बसायची होती. ते सरळ आत गेले आणि शकुंतलावहिनींसमोर उभे राहिले. गल्लीतली माणसं आपोआप गोळा झाली.

"वहिनी, तो कळमन्याचा व्यापारी नव्हता," ते म्हणाले. "मी होतो."

दुपट्टा कसा गुंडाळला, गॉगल का घातला, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता चेहरा भरून आला. हनुवटी ओघळली, भुवया चढल्या. कुणाच्या तरी नाकातून आवाज निघाला. मग दुसऱ्याच्या. ज्यांनी घाटावर ढसाढसा रडून घेतलं होतं तेच आता भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होते. साडभाऊ थांबले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर हात जोडून उभे राहिले.

वहिनी हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "तोंड काहून झाकलं?"

"लोक हसतीन म्हणून."

"मंग हसू द्याचे होते न." वहिनींचा आवाज चढला. "हा माणूस रोज घरी येऊन जेवताना मले तुमचंच तोंड सांगे. आज गिऱ्हाईकानं पातेलं पाडलं तर असं केलं, आज पावती सापडली नाही तर तसं केलं. मी तुमच्या दुकानात कितीदा आली असन? तरी मले तुमचं सारं तोंड पाठ आहे. त्याले जगात पाहाले आवडे ते एकच, अन् तुम्ही त्याले शेवटच्या दिवशी फडकं दाखवलं."

मांडवातलं हसू थांबलं.  साहेबाच्या सगळ्या कारकिर्दीत त्याला असं कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे साडभाऊंजवळ दाखलाही नव्हता.

"आता बोला," वहिनी म्हणाल्या. "आम्ही बायका घाटावर नव्हतो. मले ऐकाचं आहे."

आणि साडभाऊ बोलले. तेच सगळं, सैल हाताचं, वीतभर दोराचं, डोळा मारण्याचं. उघड्या तोंडाने. लोक हसत होते आणि ते बोलत होते, त्यांचे डोळे वाहत होते आणि त्याने ते आणखीच गमतीचे दिसत होते, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. गोविंदभाऊ गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसत होत्या. हसता हसता त्या रडायला लागल्या, तरी पदराआडचं हसू काही थांबेना. मी पाहत होतो आणि मला कळत नव्हतं की मी यातलं काय करतो आहे. घाटावरचं भाषण चांगलं होतं. हे त्याहून फार मोठं होतं, आणि हे कोणत्याही पेपरात आलं नाही.

जेवणं झाल्यावर वहिनींनी मुलाला सांगितलं, तो इंग्रज कोण आहे तो तर दाखव. एवढी वर्षं नाव ऐकत होत्या, पाहिला कधी नव्हता. मुलाने मोबाइलवर शिंप्याच्या मालिकेतला एक प्रसंग लावला. साडभाऊ सवयीने हात मांडीवर ठेवून बसले. वहिनींनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आणि शेवटी मुलाच्या हातात परत दिला.

"हा?" त्या म्हणाल्या. "हा कुठं याईच्यासारखा दिसते? हा नुसता तोंड वाकडं करते."

साडभाऊ उठून मोबाइलमध्ये डोकावले. बराच वेळ पाहत होते. जन्मात पहिल्यांदाच त्या माणसाला पाहत असल्यासारखे पाहत होते.

त्याला आता बरेच महिने झाले. साहेबाने मध्यंतरी जाहीर केलं की आपण यापुढे काम करणार नाही. मी जरा घाबरतच ती बातमी साडभाऊंना सांगितली. ते म्हणाले, "बरं केलं. थकला असन," आणि डब्यांची चळत नीट करायला लागले. गोविंदभाऊंचा मुलगा नोकरीत आहे. त्याने दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका तरुणाला दिलं. हा तरुण सज्जन आहे, पण दिवसभर मान खाली घालून स्वतःच्या फोनमध्ये असतो.

परवा इतवारीत काम होतं म्हणून गेलो. लांबूनच साडभाऊ दिसले. गिऱ्हाईकाच्या हातून परातींची चळत घसरली होती आणि सगळ्या गल्लीभर आवाज झाला होता. साडभाऊंनी दोन्ही हात कानांवर नेले, हनुवटी ओघळली, भुवया कपाळाला लागल्या, आणि असं तोंड करून त्यांनी समोर पाहिलं. समोरच्याने मान वर केली नाही. ते तोंड तसंच थोडा वेळ राहिलं आणि मग हळूहळू उतरलं.

मी त्यांच्या दुकानात गेलो नाही. गल्ली ओलांडून समोरच्या पायरीवर जाऊन बसलो. त्यांनी मला पाहिलं. वाकून एक परात उचलली, तिला पोचा पडला आहे का ते पाहिलं, आणि तो सापडल्यावर पुन्हा तेच तोंड केलं, या वेळी माझ्याकडे पाहून. मी हसलो, पोट धरून हसलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. संध्याकाळी घरी जेवताना बायकोला ते तोंड सांगायला लागलो तर मला जमेना. कसं केलं, काय केलं, काही सांगता येईना. गोविंदभाऊंना ते रोज जमायचं.